छत्री फिरते आहे…

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज गुरुवार. म्हणजे आपल्या भोसरी-चाकणकडे बहुतेक कारखान्यांची सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचाही हाच दिवस. आज मी जे सांगणार आहे त्याची सुरुवातसुद्धा अशाच एका गुरुवारी, लाइट गेल्यामुळे झाली.

मी डिशची कामं करते. छत्री बसवणं, केबल ओढणं, सेट टॉप बॉक्स जोडून देणं. आमचे मालक नव्वदच्या दशकात भोसरीत एका केबलवाल्याकडे कामाला होते, त्यांच्याकडून शिकले. त्याआधी सात वर्षं मी प्रेस शॉपमध्ये होते. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण छत्रीचं जे मला कळलं ते खरं तिथे कळलं होतं.

तर निगडी प्राधिकरणात एक मल्याळी कुटुंब आहे. मुलगा चाकणला नोकरीला, सून इथेच जन्मलेली, मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलते. घरात एक म्हाताऱ्या अम्मा. मुलानं हौसेनं गच्चीवर चार फुटी छत्री लावली, तीही मोटरवाली. आपल्या डीटीएचची छत्री एकाच उपग्रहाकडे तोंड करून बसते. कंपनीचा माणूस येतो, नट आवळतो, आणि मग ती आयुष्यभर तिकडेच बघत राहते. मोटरवाल्या छत्रीचं तसं नाही. अम्मांची भजनं एका उपग्रहावर, नातवाचं काहीतरी दुसऱ्यावर, तर रिमोट दाबला की गच्चीवर घर्रर्र करत छत्री वळते. टीव्हीच्या पडद्यावर छत्रीचं एक छोटं चित्र येतं, शेजारी बाण हलतो, आकडे पळतात, खाली हिरवी पट्टी भरत जाते. पट्टी भरली की "पोहोचली".

त्या गुरुवारनंतर रविवारी त्या वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, तीन दिवस झाले, एक वाहिनी लागत नाही. पडद्यावर तर छत्री नीट जाते, पट्टी पूर्ण भरते, आणि मग सिग्नल नाही. हे म्हणतात, मशीन बरोबर दाखवतंय, म्हणजे तूच सेटिंगमध्ये काहीतरी दाबलंस."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! मशीन बरोबर, बाई चूक. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन, कुठलंही घ्या. आणि वहिनींनाही तीन दिवसांत वाटायला लागलं होतं की आपलंच बोट कुठेतरी पडलं असेल. अम्मा काही बोलत नव्हत्या, पण दुपारी टीव्हीसमोर बसायची त्यांची वेळ झाली की उगाच खुर्ची सरकवत होत्या, असं वहिनीच म्हणाल्या. त्या घरात दिवसभर अम्मांशी मल्याळममध्ये बोलणारं दुसरं फारसं कुणी नसतं. सून बोलते, पण ती कामात. तेव्हा ही काही चैनीची तक्रार नव्हती.

मी गेले. आधी खाली बसून पडदा पाहिला. वाहिनी बदलली, चित्रातली छत्री वळली, पट्टी भरली, सगळं झकास. मग एक काम केलं जे मी नेहमी करते. सेट टॉप बॉक्सचा प्लग काढला, रिमोट माझ्या पिशवीत घातला आणि गच्चीवर गेले. रिमोट का, ते पुढे सांगते.

मोटरीवर अंशांची एक पट्टी असते. मधे शून्य, एका बाजूला पूर्व, दुसऱ्या बाजूला पश्चिम. खाली पडद्यावर छत्री ६६ अंशांच्या उपग्रहावर पोहोचल्याचं लिहिलं होतं. आपल्याकडून त्या उपग्रहासाठी मोटरीचा काटा पश्चिमेला साधारण ९ अंशांवर हवा. काटा होता १९ वर. दहा अंशांचा फरक! इथे एक-दोन अंश चुकलं तरी चित्र जातं, दहा म्हणजे छत्री भलत्याच आभाळाकडे बघत होती. आणि खाली पडदा ठामपणे सांगत होता, पोहोचली.

आता पडदा खोटं का बोलला? खरं म्हणजे तो खोटं बोलला नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. आज मला तुम्हाला हेच सांगायचंय, म्हणून जरा सावकाश सांगते.

गच्चीवरून घरात जी एकच काळी-पांढरी केबल येते ना, तिच्यातून टीव्हीचं चित्र खाली येतं. पण त्याच केबलमधून वर वीजही जाते, १३ व्होल्ट किंवा १८ व्होल्ट. शिवाय त्याच तारेवरून बॉक्स वर हुकूम पाठवतो. तो हुकूम म्हणजे एक बारीक कंप, सेकंदाला २२ हजार वेळा होणारा, तुटक तुटक, जुन्या तारखात्याच्या कटकटीसारखा. या पद्धतीला डायसेक म्हणतात. युरोपातल्या युटेलसॅट नावाच्या उपग्रह संस्थेनं ती काढली. बॉक्स म्हणतो, "मोटर, पश्चिमेला एवढे अंश जा." मोटर जाते. पण घरगुती मोटरींत जी साधी पद्धत वापरतात ती एकतर्फी आहे. वर हुकूम जातो, खाली उत्तर येत नाही. उत्तर देणारी पद्धतही कागदावर आहे, पण घरांत बसतात त्या मोटरींत आणि बॉक्समध्ये ती बहुधा नसतेच.

मग पडद्यावरचे आकडे कुठून येतात? बॉक्स मनातल्या मनात हिशेब करतो. छत्री आधी इथे होती, आता तिथे जायचंय, मधे इतके अंश, मोटर सेकंदाला साधारण दोन अंश फिरते, म्हणजे इतके सेकंद. तेवढा वेळ तो चित्र हलवतो, पट्टी भरतो आणि वेळ संपला की "पोहोचली" म्हणून मोकळा होतो. आपण कुकरची शिट्टी न ऐकता घड्याळ बघून डाळ शिजली म्हणतो ना, तसं. बहुतेक वेळा शिजलेली असते. पण गॅस मधेच संपला असेल तर घड्याळाला त्याचं काय!

त्या घरात नेमकं तेच झालं होतं. गुरुवारी छत्री ९३.५ अंशांवरून ६६ कडे निघाली होती. पाच-सात सेकंद झाले आणि लाइट गेली. छत्री मधेच थांबली. मोटर साधी होती, मुक्कामाला पोहोचल्यावरच आपली मोजणी लिहून ठेवणारी. लाइट आली तेव्हा तिला वाटलं आपण अजून निघालोच नाही. प्रत्यक्षात ती दहा अंश पुढे सरकलेली. तिथून पुढे प्रत्येक फेरीत तेच दहा अंश चुकत राहिले, आणि बॉक्सला यातलं काहीच कळायचं कारण नव्हतं. वहिनींनी कुठलंही बटण चुकीचं दाबलेलं नव्हतं.

आता थोडं आकाशाबद्दल, कारण हे माहीत असलं की छत्रीचं वागणं कळतं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, एका माळेत उभे असतात. पृथ्वी एक फेरी मारते तेवढ्या वेळात तेही एक फेरी मारतात, म्हणून आपल्याला ते जागच्या जागी दिसतात. दिसतात म्हणजे काय, डोळ्यांना नाही, छत्रीला. त्यांचे पत्ते म्हणजे रेखांश. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंशांवर. आपलं चाकण-पिंपरी आहे जवळपास ७४ अंश रेखांशावर. म्हणजे ७४ अंशांवरचा उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला येतो, क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर. आपल्या भागातल्या कुठल्याही मोटरवाल्या छत्रीचं शून्य म्हणजे हीच दिशा.

आणि या शून्यावर अनेक वर्षं कोण उभं होतं माहितीये? कल्पना. २००२ साली भारतानं हवामानासाठी एक उपग्रह सोडला, त्याचं नाव होतं मेटसॅट. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेल्या, आणि त्याच आठवड्यात त्या उपग्रहाला त्यांचं नाव दिलं, कल्पना-१. बातम्यांत ढगांची चित्रं दाखवत ती पुष्कळ वर्षं त्याच्याकडून येत. जागा ७४ अंश. शाळा-कॉलेजांसाठी २००४ साली सोडलेला एज्युसॅटही तिथेच होता. दोघंही आता निवृत्त झाले. पण गच्चीवर मोटर शून्यावर लावताना दक्षिणेकडे तोंड करून मी उभी राहते, तेव्हा मला ती आठवते. हे आपलं माझं.

एक गंमत आणखी. ६६ आणि ९३.५ या पत्त्यांत अंतर साडेसत्तावीस अंशांचं. पण मोटरीला मात्र ३२ अंश फिरावं लागतं. कारण पत्ते मोजलेत पृथ्वीच्या मध्यबिंदूवरून, आणि आपण उभ्या आहोत पृथ्वीच्या पाठीवर, माळेच्या सहा-सव्वासहा हजार किलोमीटर जवळ. खिडकीजवळ गेलं की रस्ता जास्त रुंद दिसतो, त्यातला प्रकार. हा हिशेब बॉक्स स्वतः करतो. तुम्ही त्याला तुमचं अक्षांश-रेखांश द्यायचं आणि उपग्रहाचा पत्ता द्यायचा. एवढा हुशार तो आहेच. फक्त आपण सांगितलेलं झालं का, हे बघायला त्याला डोळे नाहीत.

आता प्रेस शॉपची गोष्ट.

मी कामाला होते तिथे पत्र्याचे भाग दाबून काढायचे. खाली डाय, वर पंच, मधे पत्रा. पंच वर गेला की पत्रा काढायचा, नवा ठेवायचा, बटण. दिवसाला हजारो वेळा. माझी जाऊ शेजारच्या मशीनवर होती. त्या मशीनवर एक हिरवा दिवा होता. दिवा लागला म्हणजे पंच वर गेला, हात घाला. आम्हाला तसंच शिकवलं होतं. एक दिवस दिवा लागला, तिनं हात घातला आणि पंच वर गेलेला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

नंतर चौकशी झाली. बाहेरून एक वयस्कर इलेक्ट्रिशियन काका आले होते. त्यांनी पॅनेल उघडलं, वायरी पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "हा दिवा पंचावर जोडलेलाच नाही. हा हुकमावर जोडलाय." म्हणजे पंचाला "वर जा" असा हुकूम गेला की दिवा लागायचा. पंच खरंच वर गेला का, हे बघणारा स्विच मशीनवर होता, पण तो कधीतरी बिघडला, आणि काम थांबू नये म्हणून कुणीतरी तो सोडून दिवा थेट हुकमाच्या वायरीला लावून टाकला. किती महिने तसंच चाललं होतं, कुणास ठाऊक. बाकी सगळ्या वेळी पंच वर जातच होता ना!

चौकशीच्या कागदावर आधी काय लिहिलं होतं सांगू? कामगाराचं दुर्लक्ष. काकांनी वायर दाखवली नसती तर तेच राहिलं असतं. जावेची बोटं परत आली नाहीत. पण तिच्या नावावरचं दुर्लक्ष पुसलं गेलं आणि भरपाईचा दावा उभा राहिला. ती आजही म्हणते, बोटांपेक्षा त्या एका शब्दानं जास्त झोप उडवली होती.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठलाही दिवा, कुठलाही आकडा दिसला की मी विचारते, हा कशावर जोडलाय? हुकमावर की कामावर? माझी मुलगी वैतागते. पण विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आता छत्रीच्या बाबतीत हा प्रश्न विचारून बघा. बॉक्सबॉक्समध्ये फरक निघतो. अगदी साधे बॉक्स नुसतं चित्र हलवतात, ठरावीक वेळ, छत्री दोन अंश जावो की चाळीस. त्यांना मी मोजतच नाही. जरा बरे असतात ते अंशांवरून वेळ काढतात. काही बॉक्समध्ये तर तुमची मोटर १३ व्होल्टवर किती वेगानं फिरते आणि १८ वर किती, हे स्वतः भरता येतं. कारण १८ वर ती भराभर जाते आणि १३ वर रेंगाळते. केबल लांब असली, चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत आणलेली असली, तर वरपर्यंत वीज जाता जाता कमी होते आणि मोटर आणखी रेंगाळते. अशा घरांत पडदा "पोहोचली" म्हणतो, चित्र काळं, आणि चार सेकंदांनी एकदम चित्र येतं. लोक म्हणतात बॉक्स स्लो आहे. बॉक्स नाही हो, छत्री अजून वाटेत आहे.

याहून एक चांगली युक्ती काही महागड्या बॉक्समध्ये असते. वर किती करंट ओढला जातोय हे ते मोजतात. मोटर फिरायला लागली की करंट वाढतो, थांबली की उतरतो. पिठाच्या गिरणीचा आवाज बदलला की दळण संपलं हे आपल्याला बाहेर बसून कळतं ना, तसं. अशा बॉक्सला छत्री कुठे आहे ते कळत नाही, पण फिरते आहे की थांबली हे खरंखुरं कळतं. आधार अंदाजाचा नाही, मोजमापाचा आहे.

आणि सगळ्यात जुनी पद्धत, आमच्या मालकांच्या काळातली, ती मला मनापासून आवडते. १९९१ नंतर स्टार टीव्ही आला, एशियासॅट नावाच्या उपग्रहावरून, पूर्वेला १०५.५ अंशांवर. तेव्हा केबलवाल्यांच्या गच्चीवर मोठाल्या जाळीच्या छत्र्या आल्या. त्यातल्या काही फिरत्या होत्या. जॅकसारखा एक लांब दांडा, ३६ व्होल्टवर आत-बाहेर होणारा, छत्रीला ढकलायचा नाहीतर ओढायचा. त्या दांड्यात एक लोहचुंबक आणि एक इवलासा स्विच. मोटरीचा फेरा झाला की चुंबक स्विचजवळून जाणार, स्विच टक करणार, आणि वेगळ्या वायरीनं ती टक खाली येणार. खालचा डबा टका मोजायचा आणि लाल आकड्यात दाखवायचा. तो आकडा हलला म्हणजे वर दांडा खरंच हलला. दांडा अडकला तर आकडा जागच्या जागी उभा! पावसाळ्यात स्विचला गंज चढायचा, काही टका गळायच्या, मग मालकांना रात्री-अपरात्री गच्चीवर जावं लागायचं. त्रास होताच. पण तो डबा न पाहिलेलं पाहिलं असं म्हणत नव्हता.

नव्या घरगुती मोटरीलाही पोटात अशी मोजणी असते बरं का. आपण किती फिरलो हे ती स्वतःपुरतं मोजते. तिला ठाऊक असतं, पण खाली सांगायची सोय नाही. तिच्या वाटचं बॉक्सच बोलतो.

मागच्या एका २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही बचत गटाच्या बायका खोडदला गेलो होतो. चाकणवरून नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आणि तिथून आत. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, जीएमआरटी म्हणतात. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांनी उभी केलेली. ३० छत्र्या आहेत तिथे, एकेक ४५ मीटर रुंद! आमची मोठी चाळ आडवी मावेल त्यात. पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आणि ती ताणून धरणारे दोर, त्यामुळे वारा आरपार जातो. १४ छत्र्या मधे जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांबवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्याच बाजूला आर्वीला भूकेंद्र आहे, विक्रम साराभाईंच्या नावाचं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशाशी फोन-टीव्ही उपग्रहावरून जोडण्यासाठी उभं केलेलं. म्हणजे मोठाल्या छत्र्या फिरवण्याची विद्या आपल्या या रस्त्यावर जुनी आहे. आपण टोमॅटो आणायला नारायणगावला जातो आणि मान वर करून बघत नाही.

आम्ही उभ्या होतो तेव्हा एक छत्री वळायला लागली. इतकी हळू, की आधी वाटलं ढगच सरकताहेत. मिनिटाला साधारण ३० अंश आडवी फिरते ती. म्हणजे सेकंदाला अर्धा. अम्मांच्या गच्चीवरची छत्री तिच्या चौपट वेगानं पळते. जड वस्तूनं घाई करू नये, हे त्यांना कळतं. वारा फार झाला की त्या तोंड आकाशाकडे करून उभ्या ठेवतात.

तिथे माहिती द्यायला एक मुलगी होती, विद्यार्थिनी असावी. मी तिला माझा प्रश्न विचारला. छत्री इतक्या अंशांवर आहे हे आत दिसतं ते कशावरून, पाठवलेल्या हुकमावरून की प्रत्यक्ष? ती एकदम खूश झाली. म्हणाली, आसालाच एन्कोडर लावलेला असतो. छत्री ज्या आसाभोवती फिरते त्यावर बसून तो सतत कोन वाचतो, आणि वाचलेला कोन कंट्रोल रूमला परत येतो. एका पूर्ण वर्तुळाचे तो १ लाख ३१ हजार ७२ भाग करतो. जायला सांगितलेला कोन वेगळा, प्रत्यक्षातला कोन वेगळा, आणि या दोहोंतला फरक मिटेपर्यंत मोटर काम करते. मी विचारलं, आणि लाइट गेली तर? ती म्हणाली, हा एन्कोडर मोजणी लक्षात ठेवत नाही, दर वेळी नव्यानं कोन वाचतो, त्यामुळे लाइट आल्यावर छत्री जिथे आहे तोच आकडा दिसतो. मला वाटलं, हा एन्कोडर आमच्या प्रेसला असता तर.

अर्थात घरच्या छत्रीला एवढं काही परवडणार नाही, आणि गरजही नाही. भजनं नाही लागली तर कुणाचं बोट जात नाही. असं मी म्हणत होते, पण ते पूर्ण खरं नाही, आणि आता ती रिमोटची गोष्ट सांगते.

पूर्वी मी मदतीला माझ्या भाच्याला न्यायचे. चिंचवडला एका घरी तो मोटरीखालचा नट आवळत होता. मी खाली पडद्यापाशी. पडदा म्हणाला "पोहोचली", मी वर ओरडले, "थांबली रे, घाल हात." आणि केबल होती लांब. छत्री अजून फिरत होती. दांडा आणि क्लॅम्प यांच्यामधे त्याची करंगळी सापडली. नशीब, मोटर छोटी, नखावर निभावलं. पण मी जिना चढून वर गेले तेव्हा माझे पाय कापत होते. जावेच्या मशीनवरचा तो हिरवा दिवा या वेळी मीच झाले होते. मला सगळं माहीत असूनसुद्धा!

म्हणून आता गच्चीवर कुणीही जाणार असेल तर आधी प्लग काढायचा आणि रिमोट वर जाणाऱ्याच्या पिशवीत. चांगल्या कारखान्यात मशीन दुरुस्त करताना मेनला कुलूप लावतात आणि किल्ली दुरुस्त करणाऱ्याच्याच खिशात असते, तसं. खाली पोरं असतात, त्यांना वाहिनी बदलायला एक क्षण पुरतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशी छत्री असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. खांब ओळंब्यात हवा. खांब जरा कलला असेल तर एका उपग्रहावर चित्र लख्ख आणि दुसऱ्यावर सगळे चौकोन-चौकोन, आणि मग दोष मोटरीला. छत्री चालू आणि चित्र स्वच्छ असताना मोटरीच्या पट्टीवर पक्क्या रंगानं खुणा करून ठेवा, या वाहिनीला काटा इथे, त्या वाहिनीला तिथे. नेलपॉलिश उत्तम, पावसाला दाद देत नाही. चित्र गेलं की पडद्याशी वाद घालत बसू नका, वर जाऊन खूण बघा. काटा खुणेवर असेल तर बिघाड केबलचा किंवा एलएनबीचा. नसेल तर मोटरीचा. आणि पडद्यावर बघायचंच असेल तर त्या हलत्या चित्राकडे बघू नका, सिग्नलची क्वालिटी दाखवणारी पट्टी बघा. ती मात्र खरोखर वरून आलेल्या लहरींवर जोडलेली आहे. छत्री चुकली की ती झटकन पडते. कधी छत्री फिरताना तिच्याकडे लक्ष द्या, वाटेतल्या उपग्रहांजवळून जाताना ती मधेच उसळी मारते, पुन्हा बसते. मला ते बघायला फार आवडतं.

आणि गुरुवारी लाइट जायची वेळ झाली की छत्री इकडून तिकडे पाठवू नका, एवढंच.

अम्मांच्या घरी त्या रविवारी मी मोटरीच्या अंगावरची बटणं दाबत काटा शून्यावर आणला आणि तिची मोजणी नव्यानं सुरू करून दिली. प्रत्येक मोटरीची रीत वेगळी, तिच्या कागदात दिलेली असते, तो कागद टाकू नका. मग खाली येऊन प्लग लावला, ६६ अंश मागितले. पट्टी भरली, तीन सेकंद अंधार, आणि चित्र आलं. अम्मांनी खुर्ची पुढे ओढली. वहिनींचे यजमान तेवढ्यात उठून बाहेर आले होते, रात्रपाळी करून झोपलेले. मी त्यांनाच गच्चीवर नेलं, काट्याची पट्टी दाखवली, १९ कुठे होतं आणि ९ कुठे ते दाखवलं. लाइट मधेच गेल्यावर काय होतं तेही सांगितलं. भला माणूस आहे. बराच वेळ काट्याकडे बघत राहिले, मग खाली येऊन बायकोला काहीतरी मल्याळममध्ये म्हणाले. मला कळलं नाही, पण वहिनी हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता त्यांनी नवीनच व्यवस्था केलीये. छत्री लांब पाठवायची असली की नातू आधी गच्चीवर जातो, दाराशीच उभा राहतो, हात लावायचा नाही असं त्याला बजावलंय. खालून अम्मा विचारतात आणि तो वरून ओरडतो, मराठीत, "थांबली! खुणेवर आहे!"